घाटात चढणारा काटा

मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळिशी ओलांडतो, तेव्हा गाडी जरा तापली तर कुणी मनावर घेत नाही. पहिल्या दोन वेळी मीही घेतलं नाही. तिसऱ्या खेपेला एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे भरून निघालो आणि तुळजापूरच्या घाटात काटा लाल पट्टीला टेकला. बॉनेटखालून वाफ. पिकअप कडेला घेतली आणि पाऊण तास नुसता थांबलो. तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, हे वडिलांच्या भाजलेल्या मनगटाकडं बघत लहानपणीच शिकलोय.

गॅरेजवाला बघताक्षणी म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय अण्णा, हेड उतरवावं लागंल की." पण ऑइल दुधाळ नव्हतं, पांढरा धूर नव्हता. गार इंजिन झाकण काढून चालू केलं, तर रेडिएटरमध्ये बुडबुडेही नव्हते. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालची सील; ती फुटल्याची यातली एकही खूण नव्हती. हेडला हात लावू द्यायला मन होईना.

घरी येऊन विचार केला. सात रस्त्याच्या गर्दीत काटा निम्म्यावर शांत असतो, चढाला लोड आला की वर जातो. फॅनचा दोष असता तर उलट झालं असतं. उभी गाडी तापली असती, वारं लागल्यावर निवली असती.

थर्मोस्टॅट काढला, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप. त्यावर 82 अंश कोरलेलं होतं. आईच्या पातेल्यात पाणी तापवलं आणि तो दोऱ्यानं अधांतरी सोडला, बुडाला टेकू दिला नाही. थर्मामीटर 82 च्या पुढं सरकला आणि मधली चकती हळूहळू उघडली. म्हणजे तो ठीक. रेडिएटरच्या झाकणाचं रबर मात्र चिरलेलं होतं. 0.9 बारचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी 100 ऐवजी साधारण 118 अंशांना उकळतं. नवीन बसवलं. काटा थोडा उतरला, पण घाटात पुन्हा चढलाच.

मग गाडी फिरवून आणली, बंद केली आणि जरा निवल्यावर रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवला. वरचा भाग गरम. खाली डाव्या कोपऱ्यात मात्र वीतभर जागा गारेगार! तिथं पाणी पोचतच नव्हतं.

दोष माझाच होता. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून तीन वर्षं बोअरचंच पाणी ओतत आलो. त्याच पाण्यानं आमच्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो. रेडिएटरवाल्यानं पितळी टाकी उघडून नळ्यांत सळई घातली, तेव्हा वर्तमानपत्रावर चुन्यासारखे पापुद्रे पडत राहिले, ओंजळभर तरी असतील.

आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. परवा भर दुपारी, तेवढेच गठ्ठे घेऊन, तोच घाट चढलो. काटा निम्म्याच्या वर गेला नाही. सीटमागं पाच लिटरचा डिस्टिल्डचा कॅन कायमचा ठेवलाय आणि त्यावर मुलाकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय: बोअरचं भरू नये.