१९५३ ची बेल एअर: बॉनेट झालं, टप बाकी

जुन्या गाडीचा मूळ रंग न उतरवता पॉलिशने पुन्हा उजळवायचं काम चालू आहे. बॉनेट आणि डावं पुढचं मडगार्ड हातावेगळं झालं. उजवं मडगार्ड सध्या तेल पितंय, टपाला अजून हात लावलेला नाही आणि डिकीच्या झाकणाचं काय करायचं ते ठरलंय: काहीही नाही. त्याबद्दल खाली लिहितो.

गाडी जनरल मोटर्सची शेव्हरले बेल एअर, गडद हिरवी, बरीचशी अजून कारखान्यातल्याच रंगात. म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, ड्यू पॉन्टचा ड्युको. १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्यांवर जनरल मोटर्सने तो पहिल्यांदा मारला. त्याआधी वार्निशचे थर वाळवण्यात आठवडे जायचे, हा काही तासांत वाळायला लागला. जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकरकडे वळली ती पन्नासच्या दशकाच्या शेवटी, त्यामुळे ५३ ची गाडी नायट्रोच असणार. पण हे झालं कारखान्यापुरतं. सत्तर वर्षांत कोणी कुठे काय मारलंय हे गाडी आपणहून सांगत नाही, म्हणून आधी थिनरची चाचणी.

पांढऱ्या कापसाच्या बोळ्यावर लॅकर थिनर घ्यायचं आणि दाराच्या चौकटीत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे नजर जाणार नाही, तिथे हलकेच टेकवायचं. लॅकर असेल तर रंग विरघळून बोळ्यावर येतो. जुनं एनॅमल असेल तर ते सुरकुततं, फुगून उचललं जातं. टू-के रंगाला, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या आधुनिक दोन-भागी रंगाला, ढिम्म काही होत नाही. माझ्याकडे चौकटी, बॉनेट आणि दोन्ही मडगार्डांवर बोळा लगेच हिरवा झाला. मागच्या उजव्या पॅनलवर मात्र तो पांढराच राहिला. म्हणजे तो पॅनल कधीतरी टू-केमध्ये पुन्हा रंगवलाय. मग त्याची पॉलिश वेगळी, पॅड वेगळं आणि नियमही वेगळे.

हा फरक एवढा महत्त्वाचा का? लॅकर फक्त सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) उडून वाळतं. आत कुठलीही रासायनिक साखळी जुळत नाही, त्यामुळे ते कायम विरघळणारं आणि उष्णतेने मऊ पडणारं राहतं. त्याला लवचिक ठेवणारा प्लास्टिसायझर वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातो आणि रंग ठिसूळ होतो. वरून ऊन बाइंडर (रंग धरून ठेवणारा घटक) फोडतं आणि पिगमेंट (रंगाची पूड) सुटं होऊन वर येतं. बोटाला लागते ती पांढुरकी भुकटी हीच. वर क्लिअर कोट, म्हणजे नव्या गाड्यांवर असतो तसा पारदर्शक थर, नाही, त्यामुळे पॉलिश करताना पॅड हिरवं होणारच. ते पाहून घाबरायचं कारण नाही, पण प्रत्येक वेळी आपण रंगच काढतोय हे मात्र डोक्यात पक्कं ठेवायचं. क्लिअर कोटवर काम करायची सवय असलेले इथेच फसतात. तिकडे ओरखडा जाईपर्यंत घासत राहायचं असतं. इथे ओरखडा जाणार की नाही हे आधी मीटरला विचारायचं.

जाडी मोजायचं मीटर मी खडूने पॅनलवर चौकोन आखून फिरवलं. बॉनेटच्या मध्यावर प्रायमर धरून ११० ते १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मधल्या उंच कण्यावर ६५. डाव्या मडगार्डवर हेडलाइटच्या वरच्या गोलाईत ७० च्या आसपास. कडा आणि उंचवटे नेहमीच पातळ सापडतात, कारण कारखान्यातलं घासकाम आणि नंतरच्या प्रत्येक मालकाचं हौशी कंपाउंड सगळ्यात जास्त तिथेच लागलेलं असतं. मागच्या खांबाच्या सांध्यावर मीटर एकदम वर उडालं तर बावरू नका. तिथे सांधा शिशाने भरलेला असतो आणि मीटर लोखंडापासूनचं अंतर मोजतं, रंगाचं नव्हे.

आता तेलाबद्दल. यात मी थोडा जास्त रमतो, पण काम इथेच ठरतं. घासून कापणारं पॉलिश लावण्याआधी मेग्वायर्स कंपनीचं नंबर ७ ग्लेझ. त्यात घासणारं काही नाही, तेलं भरपूर. जाड टेरी कापडावर सढळ हाताने घ्यायचं आणि चांगला दाब देऊन चोळायचं. चोळता चोळता कापड हिरवं होतं, कारण वरचा मेलेला थर सैल होऊन येतो. मग तसंच ओलं ठेवून रात्रभर विसरून जायचं. बॉनेट पहिल्या रात्री कोऱ्या माठासारखं सगळं पिऊन बसलं होतं. सकाळी पुसायला गेलो तर कडेच्या पट्ट्यांत पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि मधोमध, इंजिनाची धग लागते तिथे, करड्या ठिपक्यांची एक रांग उठून दिसत होती. पुन्हा चोळलं, पुन्हा ठेवलं. तेल वर तरंगायला लागलं आणि सकाळी कापडाला सारखं चिकट लागायला लागलं, तेव्हा थांबलो. तोवर ठिपके बुजले होते आणि हिरवा रंग दोन छटा गडद झाला होता, तोही मशीनला हात न लावता.

तेल रंगाला पुन्हा तरुण करतं, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. उडून गेलेला प्लास्टिसायझर असा परत येत नसतो. तेल सच्छिद्र झालेल्या थरात शिरतं, प्रकाश विखुरणं कमी होतं म्हणून रंग गडद दिसतो. आणि मुख्य म्हणजे नंतरची पॉलिश कोरड्या रंगाला फाडत नाही, त्यावरून सरकते. माझ्यासाठी एवढा फायदा पुरेसा आहे.

मशीन ड्युअल ॲक्शन (पॅड फिरता फिरता डोलतंही), मऊ फोम, बारीक पॉलिश, वेग कमी. रोटरी, म्हणजे पॅड एकाच अक्षावर गरगर फिरवणारं मशीन, मी या रंगावर आणत नाही. त्याने लॅकर तापून मऊ पडतं आणि पॅडबरोबर ओढलं जातं. मग जिथे ओढलं गेलं तिथे चमक असते, पण पृष्ठभाग लाटालाटांचा दिसतो. दर थोड्या वेळाने बोटांची मागची बाजू पत्र्याला लावून बघायचं. कोमट चालेल, गरम वाटलं की मशीन बाजूला. कण्यावर आणि कडांवर मास्किंग टेप, आणि टेपखालचा भाग शेवटी फक्त हाताने. पॅड पिगमेंटने पटकन भरतं, म्हणून ब्रशने वरचेवर साफ करावं लागतं. भरलेलं पॅड कापत नाही, नुसतं तापवतं.

बॉनेटवर पक्ष्याच्या विष्ठेने खाल्लेले दोन डाग होते. एक मध्याजवळ, जिथे ११५ मायक्रॉन होते. तो साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या २५०० च्या वॉटर पेपरने, छोट्या रबरी ठोकळ्यावर, चार-सहा फेऱ्या मारून घेतला. मग ३०००, मग पॉलिश. पुन्हा मोजलं तर १०९. दुसरा डाग कण्याला चिकटून. तो तिथेच आहे आणि तिथेच राहणार. तिरप्या उजेडात दिसतो, समोरून नाही. ६५ मधले सहा मायक्रॉन देऊन तो काढण्यात मला शहाणपण वाटत नाही, कारण त्या ६५ मध्ये प्रायमरही आलाच.

वॉटर पेपर नेहमी ओलाच वापरायचा. नायट्रोची कोरडी धूळ सहज पेट घेते, आणि जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-नारिंगी छटांत आणि प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. मास्क आणि हातमोजे घालायचे, रबडा कापडाने टिपून घ्यायचा, वाळू द्यायचा नाही.

मेटॅलिक लॅकरवाल्यांसाठी एक सूचना. तिथे ॲल्युमिनियमचे कण रंगातच मिसळलेले असतात, पॅड करडं-काळं होतं, आणि एका जागी जास्त घासलं तर ढगाळ पट्टे उमटतात. त्यावर माझ्यापेक्षाही हात राखून काम करा.

आता डिकी. झाकणावर बारीक समांतर तडे आहेत, मीटर २३० च्या वर. जुन्या लॅकरवरच कधीतरी आणखी लॅकर चढवलंय. थर जाड झाला की लॅकर आकसतं आणि गरम-थंडीच्या फेऱ्यांत तडकतं. हे तडे रंगाच्या आत खोलवर गेलेले असतात, पॉलिशने जात नाहीत. उलट फिकट कंपाउंड त्यात अडकून वाळलं की गडद रंगावर पांढऱ्या रेघांची जाळी दिसते. सावकाश उडणारं थिनर मारून रंग पुन्हा वितळवायचा आणि तडे मिटवायचे, हा उपाय मी पाहिलाय. काही महिन्यांत तडे त्याच जागी परत येतात. म्हणून झाकणाला फक्त धुणं आणि कार्नोबा वॅक्सचा पातळ हात, तोही फिकट वॅक्सचा नव्हे.

पूर्ण झालेल्या भागांची निगा साधी आहे. सौम्य शाम्पू, भरपूर पाणी, मऊ कापड. पॉलिश पुसायला अल्कोहोलचा स्प्रे वापरायची नव्या डिटेलिंगमधली पद्धत इथे आणू नका. नायट्रोला अल्कोहोल मऊ पाडतं. सिलिकोन असलेलं काहीही माझ्या कपाटात नाही, कारण उद्या स्पॉट मारायचा (छोट्या जागेपुरता रंग मारायचा) झाला तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. सिरॅमिक कोटिंगबद्दल विचारणा होते. त्यातल्या सॉल्व्हंटवर मी हा रंग पणाला लावणार नाही. पेट्रोल भरताना टाकीच्या तोंडाभोवती ओलं फडकं ठेवायचं, सांडलं तर पुसायचं नाही, पाण्याने धुऊन टाकायचं. ब्रेक ऑइलचा थेंब तर मिनिटांत रंग उचलतो. कव्हर हवा खेळणाऱ्या कापडाचं, आणि गाडी पूर्ण कोरडी असल्याशिवाय घालायचं नाही.

पुढचा नंबर टपाचा. सगळ्यात जास्त ऊन त्यानेच खाल्लंय. मध्यावर मीटर ८० दाखवतंय, मागच्या काचेजवळ ७० च्याही खाली. तिथे आधी फक्त तेल, जितक्या रात्री लागतील तितक्या. मग फार तर हाताने बारीक पॉलिश. मशीन चढवायचं की नाही, ते तेलानंतर पुन्हा मोजून ठरवेन.

दरम्यान डाव्या दाराच्या वरच्या कडेला प्रायमर डोकावतोय. नायट्रोचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे तिथे छोटा स्पॉट मारायचा विचार आहे. रंग जुळवायचा तो पॉलिश झालेल्या बॉनेटशी, कारण दार अजून पांढुरकंच आहे. अशा गडद हिरव्यावर कोणी स्पॉट मारला असेल, तर मिश्रणात काळा किती लागला ते कळवा.