शाहूवाडीची आजी आणि आरएसव्ही

ऑगस्टात आमच्या बालरोग विभागात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं असतात. त्या दिवशी शाहूवाडीकडनं दोन महिन्यांचं बाळ आलं. जन्म तिसाव्या आठवड्यातला, वजन जेमतेम तीन किलो. श्वास सत्तरच्या घरात, बरगड्यांखाली खळगे पडत होते, ऑक्सिजन ८६. अंगाला धुरीचा वास. नाकातल्या स्वॅबमध्ये आरएसव्ही निघाला, लहान बाळांच्या छातीत उतरणारा सर्दीचा विषाणू. नळीनं ऑक्सिजन, नळीनंच दूध, नाक साफ ठेवणं. यापलीकडं फारसं काही करता येत नाही.

आजी पावरचं इंजेक्शन मागत होती. मग म्हणाली, "बाई, थोरल्याला बी हीच सर्दी, सुनंला बी हीच. ती दोघं हिंडत्यात, आन् ह्याच्याच छातीत घरघर का?"

मी सांगितलं, सुनेच्या अंगात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे त्याला अडवणारी प्रथिनं आहेत, लहानपणापासून साठलेली. ती वारेतून बाळाला मिळतात, पण बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. हे आधीच बाहेर आलं.

"मग हिच्या अंगातली काढून त्याला घाला की!"

सिस्टर हसल्या. पण १९९६ साली अमेरिकेत मंजूर झालेलं औषध नेमकं हेच होतं: दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, महिन्याला एकदा शिरेतून. १९९८ला पॅलिविझुमॅब हे प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंड आलं, मांडीत टोचायचं, तेही दरमहा.

खरी मेख विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एफ नावाच्या प्रथिनात आहे. पेशीत शिरण्याआधी ते मिटलेल्या छत्रीसारखं असतं, शिरताना फाडकन उलटतं आणि परत मिटत नाही. मिटलेल्या रूपाच्या टोकावर एक जागा असते, उलटल्यावर ती नाहीशी होते. माणसाच्याच पेशींतून मिळालेलं डी-२५ हे प्रतिपिंड तिथं बसतं आणि छत्री उघडूच देत नाही. जेसन मॅक्लेलन आणि बार्नी ग्रॅहम या अमेरिकी संशोधकांच्या गटानं २०१३ साली ही रचना दाखवली. त्याच डी-२५ वर काम करून निर्सेव्हिमॅब हे औषध झालं. आपली नेहमीची प्रतिपिंडं तीनेक आठवड्यांत निम्मी होतात, ह्याला सत्तरएक दिवस लागतात. म्हणून एका टोच्यात सगळा मोसम निघतो.

पण ते आजाराआधी द्यायचं, हे मी आजीला सांगितलं. विषाणू पेशींत घुसल्यावर देऊन उपयोग नाही.

त्याच आठवड्यात बाळाचा ऑक्सिजन सुटला. घरी सोडताना आजीनं गाठलंच. "मग जन्मल्या जन्मल्या का न्हाई टोचलं?"

"सरकारी लसीकरणात नाही आजी, आणि महाग आहे. अमेरिकेत आलं तेव्हा एका डोसला ४९५ डॉलर पडत होते. चाळीस हजार धरा."

"चाळीस? एका म्हशीत बसतंय की. इकली असती."

धुरी बंद करायचं मात्र तिनं शेवटपर्यंत कबूल केलं नाही.