दुपारची झोप
ऑर्लँडोच्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या मनोरंजन उद्यानात आज सकाळी लवकर पोहोचल्यामुळे, दुपारी एक वाजता हॉटेलवर परतण्याचा पत्नीचा आग्रह मला तिकिटाच्या पैशांचा निव्वळ अपव्यय वाटला होता. मात्र जुलैच्या दमट उन्हात, आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलेले असतानाही ते न चाटता नुसतीच रडणारी पाच वर्षांची लेक पाहिल्यावर मी निमूटपणे मोनोरेलची वाट धरली. जाण्यायेण्यात तासभर मोडला, हे खरे. पण पडदे ओढताच ती दोन तास गाढ झोपली, फ्लोरिडातील नेहमीची दुपारची गडगडाटी सरही तेवढ्यात कोसळून गेली (घोरत मीही होतो, असे समजते), आणि रात्री सिंड्रेलाच्या किल्ल्यावरची आतषबाजी तिने माझ्या खांद्यावर बसून, एकदाही न कुरकुरता पाहिली. हॉटेल दूर असते, तर मात्र मी परतलो नसतो.