जीआर ८६ घेऊन सांगली ते महाबळेश्वर : घाट सोपा, हायवे अवघड

आधी निकाल सांगतो. टोयोटाची जीआर ८६ ही दोन दारांची बुटकी स्पोर्ट्स कार केळघर आणि पसरणी घाटात अशी काही रमली की उतरून पुन्हा वर जावंसं वाटत होतं. आणि पेठनाका ते साताऱ्याजवळचं शेंद्रे या पुणे-बंगळूर हायवेच्या पट्ट्याने आमचा जीव काढला. निघण्याआधी ज्यांनी ज्यांनी सल्ले दिले, त्यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. "हायवेला काय, उडत जाशीला. घाटात तेवढं जपा, मागच्या चाकाची गाडी हाय, वळणाला शेपूट फिरवंल." मागच्या चाकाची म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी. यातल्या एकानेही ही गाडी कधी पाहिलेली नव्हती.

गाडी माझी नाही. मामेभाऊ, म्हणजे दादा, शारजाला असतो. त्याने ती कार्नेवर आणली, म्हणजे आयातशुल्क न भरता, मुदतीत परत नेण्याच्या हमीवर. टोयोटा ही गाडी आपल्याकडे विकत नाही, त्यामुळे 'परवडणारी स्पोर्ट्स कूपे' हे बिरूद अमेरिकेत ठीक आहे. तिथे ती २०२२च्या मॉडेलला २७,७०० डॉलरपासून मिळू लागली. इथे किंमत विचारणाऱ्या प्रत्येकाला दादाने एकच उत्तर दिलं, "विकायची नाही." विम्याच्या कागदावर एकट्या दादाचं नाव, म्हणून चाक कायम त्याच्या हातात. स्टिअरिंग डावीकडे. जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या उजव्या सीटवर मी. ही जागा आरामाची नाही, त्याबद्दल पुढे येतंच.

सांगली-पेठ रस्त्याला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या घालत आलो. आष्ट्यापर्यंत गाडी कुठे टेकते याचीच वाट बघत होतो, पण काँक्रीटवरून ती सरळ निघून गेली. तेवढ्यावर मी निर्धास्त झालो. पेठनाक्याला हायवे लागला आणि खरी परीक्षा सुरू झाली.

शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचं काम चाललंय हे सगळ्यांना माहीत आहे. बोलेरो किंवा स्विफ्टमधून जाणाऱ्याला ते फक्त वेळखाऊ वाटतं. जमिनीपासून १३० मिलिमीटरवर पोट असलेल्या गाडीतून जाताना प्रत्येक डायव्हर्जन म्हणजे वेगळं संकट. मुख्य रस्ता सोडून सर्व्हिस रोडला उतरताना डांबराची कड असते, चार बोटं, कुठे वीतभर. तिच्यावर सरळ उतरलात तर आधी पुढचा ओठ, म्हणजे बंपरचा खालचा काठ घासतो, मग पोट. तिरकं उतरावं तर मागचा ट्रक हॉर्न वाजवून हैराण करतो. कराडजवळ मलकापूरला उड्डाणपुलाच्या खालून जाताना तर धुळीत कड दिसतच नव्हती. मी दार अर्धं उघडून खाली वाकून बघायचो आणि दादा माझ्या बोलण्यावर गाडी इंचाइंचाने सोडायचा. एवढं करूनही उंब्रजच्या अलीकडे खाली काहीतरी फडफडायला लागलं.

बाजूला घेऊन बघितलं. इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर एका बाजूने सुटून लोंबत होतं. तेलाचा थेंबही नाही, नुकसान काही नाही, पण तसंच चालवलं तर वाऱ्याने पूर्ण फाटणार. जवळच्या गॅरेजवाल्याने गाडीभोवती फेरी मारली, अरबी आकड्यांची नंबरप्लेट बघितली, फोटो काढला आणि म्हणाला, "दोन हजार हुत्याल मालक." काम काय? दोन क्लिपा आणि तीन केबल टाय. माझ्याच अल्टोचं असतं तर शंभर रुपये आणि वर चहा. घासाघीस करून सातशेवर आलो, तेही मी सांगलीच्या बोलीत चार शब्द सुनावल्यावर. दादा गप्प उभा होता ते बरं झालं, त्याने तोंड उघडलं असतं तर दर दिरहममध्ये गेला असता. ज्याची गाडी खाली असेल त्याने केबल टायचं पाकीट, प्लास्टिकच्या क्लिपा आणि गुडघ्याखाली घ्यायला पोतं डिकीत टाकूनच निघावं. सगळं मिळून दीडशे रुपयांत होतं.

टोलचा वैताग वेगळाच. परदेशी नंबर, फास्टॅग नाही. आम्ही गेलो तेव्हा १५ नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम असा होता की फास्टॅग नसेल तर रोखीने दुप्पट, यूपीआयने सव्वापट. आम्ही यूपीआय पुढे केलं तर खिडकीतला पोरगा म्हणतो, "स्कॅनर बंद हाय, रोख द्या." शेजारच्या रांगेत लोक फोनवरून पैसे देत होते. मी ते बोट करून दाखवलं, मागे हॉर्नचा गोंधळ सुरू झाला, आणि मग एकाएकी स्कॅनर चालू झाला. घाई करू नका, मागच्यांना वाजवू द्या. एक लक्षात घ्या, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत टोलची खिडकी शेजाऱ्याच्या बाजूला येते आणि गाडी इतकी बुटकी की हात डोक्याच्या वर न्यावा लागतो. एकट्याने अशी गाडी घेऊन निघणार असाल तर प्रत्येक नाक्यावर उतरून वळसा घालायची तयारी ठेवा.

साताऱ्यातला मुक्काम, कास, यवतेश्वर याबद्दल फार लिहीत नाही. फुलांचा हंगाम संपलेला, गर्दी नव्हती, रस्ता अरुंद पण चालतो. पोवई नाक्यावर पोलिसांनी थांबवलं, कागद नीट वाचले आणि शेवटी विचारलं, "ॲव्हरेज किती देती?" हायवेला लिटरला १२, घाटात ८ ते ९.

आता ज्यासाठी गेलो ते. साताऱ्याहून मेढा आणि पुढे केळघर घाटाने महाबळेश्वर. सकाळी लवकर निघालो, दुधाचे टेम्पो उतरत होते, वर जाणारं कोणी नव्हतं. मेढ्यापर्यंत दादाने इंजिन तापू दिलं, कारण थंड असताना हिचा गिअर दुसऱ्यात जरा अडतो. घाट सुरू झाला आणि पहिल्या चार-पाच वळणांतच त्या शेपूटवाल्या सल्ल्याचा निकाल लागला.

चढावर वजन मागे सरकतं, म्हणजे ज्या चाकांना ओढायचं आहे त्यांच्यावरच दाब वाढतो. पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम. म्हणून तीव्र वळणातून बाहेर पडताना पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी जशी नाक बाहेर फेकते आणि स्टिअरिंगला हिसके देते, तसं इथे काहीच होत नाही. मागे टॉर्सन डिफरन्शियल आहे, म्हणजे पकड असलेल्या चाकाला जास्त ताकद देणारी यंत्रणा, त्यामुळे आतलं चाक नुसतं भिरभिरत नाही. दादाने मुद्दाम एका वळणावर जरा लवकर ॲक्सिलरेटर दिला. मागची बाजू बोटभर सरकली, स्टॅबिलिटी कंट्रोलने धरली, विषय संपला. कोरड्या डांबरावर, शुद्धीत चालवणाऱ्याला ही गाडी दगा देत नाही. पावसात आणि वळणावर सांडलेल्या खडीवर काय करेल ते वेगळं. खडी दिसली की दादाही पाय काढूनच घेत होता. आणि मागच्या चाकांचं एवढं भय आपल्याला कधीपासून वाटायला लागलं? ॲम्बॅसेडर, पद्मिनी, ओम्नी, घाटातली वडापं, सगळी मागच्याच चाकांवर चालली. दहा माणसं कोंबून टपावर दोघं बसवलेली ट्रॅक्स पाटणच्या डोंगरात चढते तेव्हा कोणी शेपटीची काळजी करत नाही.

दुसरी अफवा इंजिनाची. "टर्बो नाही, म्हणजे खालून दम नाही." ही तक्रार आधीच्या जीटी ८६ला लागू होती. ती २०१२ला आली तेव्हा दोन लिटरचं इंजिन, २०० पीएस (अश्वशक्तीचं माप), आणि २०५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, मिळायला इंजिन मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरवावं लागायचं. त्यातही साडेतीन ते साडेचार हजारांच्या मध्ये टॉर्कला खड्डा होता, आणि घाटात आपण नेमके तिथेच असतो. २०२१ला दाखवलेल्या जीआर ८६मध्ये इंजिन २,३८७ सीसीचं केलं. २३५ पीएस, आणि २५० न्यूटन-मीटर ३,७०० फेऱ्यांवरच. केळघरला वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये काटा साडेतीन हजारांवर असला की ती विनातक्रार उचलते. पहिला गिअर एकदाच लागला, तोही एसटीमागे थांबून पुन्हा सुटताना. वजन पावणेतेरा क्विंटलच्या आसपास आणि आडव्या सिलिंडरचं बॉक्सर इंजिन इतकं खाली की वळणात गाडी कलंडत नाही. मी शेजारी बसून डोंगराच्या बाजूला हात धरायला काही शोधत होतो. थोड्या वेळाने शोधणं सोडलं.

पण ओव्हरटेक! डाव्या स्टिअरिंगवरून एसटीच्या पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही. तिथे डोळे शेजाऱ्याचे. मी "आत्ता" म्हणालो की दादा निघायचा, "थांब" म्हणालो की आत. मध्ये "बहुतेक" असा शब्द काढायचा नाही. आम्ही बेळगाव पासिंगच्या एका ट्रकमागे निम्मा घाट रखडलो, कारण मला खात्री वाटत नव्हती, आणि ते रखडणंच बरोबर होतं. बडबड्या, फोनवर रील बघणारा किंवा घाटात झोपणारा माणूस सोबत नेणार असाल तर डाव्या स्टिअरिंगची गाडी घाटात नेऊच नका. त्याला मागे बसवायचा विचारही सोडा. मागच्या सीटवर माझी बॅग कशीबशी मावली, माणूस मावणार नाही.

महाबळेश्वर, पाचगणी नेहमीसारखंच. पसरणी उतरून वाईला गणपती घाटावर साताऱ्याचे गाडीवेडे मित्र भेटले. एकाकडे जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, एकाकडे फोक्सवॅगन पोलो टीएसआय, एकजण फॉर्च्युनर घेऊन आलेला. दादाने तिघांनाही पसरणीत एकेक फेरी मारून आणलं. थ्री सिरीजवाला उतरल्यावर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आतलं प्लास्टिक गरीब आहे, चाकांचा आवाज फार येतो. पण रस्ता हाताला कळतो हे तिच्या हालचालीवरून शेजारी बसून समजतंय." पोलोवाल्याचा भ्रमनिरास मजेशीर. तो खिडकी उघडून इंजिनाच्या आवाजाची तारीफ करत होता आणि खिडकी उघडल्यावर आवाज फिका का झाला ते त्याला कळेना. या गाडीत इंजिनाचा आवाज स्पीकरमधूनही वाढवून ऐकवतात. हे ऐकल्यावर त्याने गाडीच नापास केली. मला विचाराल तर काम चांगलं होत असेल तर आवाज कुठून येतो याने माझं अडत नाही, पण विकत घेणाऱ्याला आधी माहीत असावं. फॉर्च्युनरवाल्याला सीटमधून बाहेर काढायला दोघांनी हात दिला. त्याचं मत घेतलं नाही.

स्पीडब्रेकरबद्दल वेगळं लिहायला हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गोल स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तसा असेल तर ही गाडी दोन माणसं आणि सामानासह सरळ जाते, आम्ही गेलो. पण गावांच्या तोंडाशी जे असतात ते अरुंद, उंच आणि बिनरंगाचे, गावकऱ्यांनी अपघातानंतर वैतागून घातलेले. तिथे एक चाक आधी, मग दुसरं, असं तिरकं घ्या आणि ब्रेक चढण्याआधीच सोडा. चढताना ब्रेक दाबलेला राहिला की नाक आणखी खाली जातं आणि घासतं. मेढा रस्त्याला आणि वाईतून सुरूर फाट्याकडे जाताना गावं आली की वेग आधीच कमी ठेवा, कारण रंग नसलेला ब्रेकर बुटक्या गाडीतून अगदी जवळ आल्यावरच दिसतो.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचंच भरा, इंजिनाचं कॉम्प्रेशन १२.५ म्हणजे जास्त आहे. हायवेच्या मोठ्या पंपांवर मिळतं. घाटात शोधत बसू नका, साताऱ्यातच ५० लिटरची टाकी फुल्ल करा. आपलं पेट्रोल आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. गाडीच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा त्याहून कमी दिलेली आहे. आमच्या फेरीत काही जाणवलं नाही, पण टाकीत ते पेट्रोल भरून महिनोन्महिने गाडी उभी ठेवायला मी कोणाला सांगणार नाही. टायर १८ इंची, २१५/४०. सांगली-साताऱ्यात विचारलेल्या दुकानांत या मापाचा एकही शिल्लक नव्हता, सगळे "पुण्यावरनं मागवतो" म्हणाले. कडेला बाजू फाटली तर पंक्चरवाला काही करू शकणार नाही, म्हणून डायव्हर्जनची कड ओलांडताना गाडीपेक्षा टायरची काळजी करा.

परत येताना साताऱ्यातच उशीर झाला आणि दादा म्हणाला रात्रीच मारू. मी ठाम नाही म्हणालो. उसाचा गळीत हंगाम चालू होता. कराडपासून पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने झाकलेला, आणि उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर हातभर. बुटक्या गाडीत ती टोकं थेट काचेच्या उंचीवर येतात. पहाटे उजाडल्यावर निघालो, तरी ईश्वरपूरच्या अलीकडे एक ट्रॉली डायव्हर्जनमध्ये बंद पडून आडवी होती आणि तिच्या बाजूने काढताना मी पुन्हा दार उघडून खाली वाकलो. या वेळी काही घासलं नाही. सातशे रुपयांचे केबल टाय अजून तसेच आहेत.