सांजांवच्या दिवशी पिवळी निघालेली पूड

२४ जून. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून सांजांवची, म्हणजे गोव्यातल्या सेंट जॉनच्या सणाची, पोरं विहिरींकडे निघालेली आणि मी पणजीजवळच्या आमच्या लॅबमध्ये ट्यूब फर्नेस, म्हणजे नळीची भट्टी, उघडत होते. टँटलम ऑक्साइडची पांढरी नॅनोपूड रात्रभर ८५० अंशांवर अमोनियात होती. निघायला हवी होती चिऱ्यासारखी तांबडी. निघाली पिवळी, पिकत आलेल्या लिंबासारखी.

रंग हीच आमची पहिली चाचणी. आम्हाला हवं होतं ते टँटलम नायट्राइड ६०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड शोषतं, म्हणून तांबडं. पिवळं म्हणजे ऑक्सिनायट्राइड, ५०० च्या आसपास थांबणारं. ऑक्सिजन पुरता निघालाच नव्हता.

आधी गळतीचा संशय. नायट्रोजन सोडून एकेक जोडाला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. मग अमोनिया वाळवायच्या कॉलमकडे नजर गेली. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतली ओल पिऊन एकमेकींना चिकटलेल्या, तळाशी पाक. आदल्या दिवशी भरताना बाटली उघडी टाकून फोनवर बोलत बसले होते मी. जूनमध्ये, गोव्यात! या अभिक्रियेत मुळातच पाणी सुटतं, ते वाहून न्यायला अमोनिया भरपूर आणि कोरडा हवा. ओला अमोनिया मुद्दाम सोडून ऑक्सिनायट्राइड करतात, हे तर मीच सेमिनारमध्ये तोऱ्यात सांगितलेलं.

बाटलीतल्या उरलेल्या गोळ्यांचाही पाक. कॅल्शियम क्लोराइड होतं, पण ते अमोनियालाच धरून बसतं. आमचे लॅब अटेंडंट भाऊ म्हणाले, "बाय, चुनकळी घाल की. आमच्याकडे शिंपल्यांचा चुना भाजायचे, पाणी दिसलं की फसफसायचा." बरोबर होतं. कपाटातला कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे चुनकळीच, मफल फर्नेसमध्ये पुन्हा भाजला, गार होताच कॉलममध्ये भरला.

दुसऱ्या सकाळी तांबडी पूड. खलताना बोटांना लागली ती दोन दिवस नखांत होती.

ॲसिटोनमध्ये चिमूटभर आयोडीन, त्यात पूड ढवळून विजेच्या दाबाखाली वाहक काचेवर बसवली. पिवळीचीही एक काच केली, टाकवेना म्हणून. दिव्यापुढे वही धरली की दोन्हींचा उजेडाने वाहणारा विजेचा प्रवाह खाली, काढली की वर. मग ५५० नॅनोमीटरच्या खालचा उजेड अडवणारी फिल्टरची काच मध्ये ठेवली. आलेखावरची पिवळीची रेघ सपाट झाली. तांबडीची पायरी ठेंगणी झाली, पण राहिली. भाऊंना बोलावून वही त्यांच्या हातात दिली.