आऊसाहेबांचं लुगडं उसवलं तो दिवस

शिवराज्याभिषेकाचा भरतकामाचा पट आम्ही पाच जणी मिळून करत होतो. आराखडा माझा होता. ६ जून १६७४, रायगड, भरलेला दरबार.

माझा जीव गुंतला होता सिंहासनाशेजारच्या राजचिन्हांत. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा दरबारात हजर होता. मोठ्या दातांच्या माशांची सोनेरी मुंडकी, घोड्यांच्या शेपट्या आणि भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. त्या तराजूचं पारडं मी भरत होते. जरीची तार कापडातून आरपार ओढली की तिचा मुलामा खरवडला जातो, म्हणून ती वरच गोल गोल मांडायची आणि बारीक पिवळ्या धाग्याने टिपत जायचं. एका पारड्याला दीड दिवस गेला.

समोर मावशी जिजाऊंचं लुगडं भरत होत्या. हिरवंगार, लाल काठाचं. तीन दिवसांचं काम होतं ते. कुंकवासाठी लाल धागा ओवला आणि त्या थांबल्या.

"अगं, शहाजीराजे कधी गेले?"

"१६६४ ला," मी म्हटलं, आणि माझाच हात थबकला. साल मला तोंडपाठ होतं. चित्र काढताना मात्र लेकाच्या अभिषेकाला आलेली आई तेवढी दिसली, दहा वर्षांचं वैधव्य दिसलंच नाही.

"राहू दे, कोण बघतंय एवढं," एक जण म्हणाली. मला नाही पटलं. त्या सोहळ्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी आऊसाहेब पाचाडला निवर्तल्या. शेवटच्या दिवसांतलं त्यांचं रूप आपण आपल्या सोयीने कसं रंगवायचं?

उसवायला संध्याकाळ झाली. सुती कापडावरची सुईची भोकं नखाने घासली की मिटतात, रेशमावर ती तशीच राहतात. प्रत्येक भोकात हिरवा तंतू अडकलेला. मावशी चिमट्याने एकेक ओढत होत्या, मी दिवा धरून बसले होते. भोकं झाकायची म्हणजे नवं लुगडंही तेवढ्याच जागेत, दाट भरायला हवं. पांढऱ्यावर पांढरं उठत नाही, म्हणून मोतिया, तुपाच्या रंगाचा घियाळ आणि शुभ्र असे तीन धागे काढले. निऱ्यांच्या खोलात घियाळ, पदराच्या कडेला शुभ्र.

लाल धागा मावशींनी सुईतून काढून पुन्हा रिळाला गुंडाळला. कपाळ मोकळं ठेवलं.