नर्मदेच्या उत्तर तीरावरचा गणपती

साताऱ्याहून लग्न होऊन बडोद्याला आले, तेव्हा पहिल्याच गणपतीत चपापले. गुरुजी संकल्प सांगत होते. भरतवर्षे, भरतखंडे, जंबुद्वीपे, इथपर्यंत सगळं ओळखीचं. पुढे माहेरी ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ यायचं, तिथे आलं ‘नर्मदायाः उत्तरे तीरे’. पत्ताच बदललेला! शक मात्र शालिवाहनच. बाहेर सगळा गुजरात विक्रम संवत मोजतो, बलिप्रतिपदेला नवं वर्ष लावतो. दांडिया बाजारातल्या आमच्या देवघरात अजून शके चालू.

गुरुजींची आणखी एक सवय म्हणजे मधेमधे थांबून मंत्राचा अर्थ सांगायचा. मला वाटलं, हौस असेल. सासूबाई म्हणाल्या, “हौस कसली, महाराजांचा कायदा होता तसा.” खरंच होता. सयाजीराव महाराजांनी १९१५ साली बडोदा संस्थानात पुरोहितांसाठी कायदा केला. परीक्षा दिल्याशिवाय भिक्षुकी नाही, आणि विधीचा अर्थ यजमानाला कळेल अशा भाषेत सांगायचा. भटजींची परीक्षा! साताऱ्यात आमच्या आजोबांना कुणी हे सांगितलं असतं, तर पाटावरून उठले असते. संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं, आमच्या गुरुजींच्या घराण्यात सवय राहिली.

यंदा दूर्वांची जुडी मूर्तीच्या छातीला टेकवून ते थांबले आणि पोरांना विचारलं, “मराठीत सांगू का गुजरातीत?” धाकटी पटकन म्हणाली, “गुजरातीमां!” सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू शाळा मी एकटीने निवडली. गुरुजी हसून म्हणाले, “काकू, कायदा कळेल त्या भाषेचा होता,” आणि प्राणप्रतिष्ठा गुजरातीत समजावली. मलाही बऱ्याच गोष्टी तेव्हाच कळल्या, हे घरात बोलले नाहीये.

संध्याकाळी साडेपाचला गुरुजी परत आले. टोरांटोत सकाळचे आठ, दिरांची पूजा व्हायची होती. फोन साखरेच्या डब्याला टेकवला.

“तुमच्याकडे नदी कुठली?”

“नदी राहू द्या गुरुजी, ऑन्टारियो सरोवर आहे.”

“कुठल्या तीराला तुम्ही?”

“उत्तरेला.”

गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. जंबुद्वीप गाळलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “ऑन्टारियो-सरोवरस्य उत्तरे तीरे.” तिकडे दिरांनी ताम्हनात पाणी सोडलं. पळी बडोद्यालाच राहिली होती. हातात केकचं पीठ मोजायचा चमचा होता.